हौसेला ‘स्कोप’ विचारू नका

‘याला स्कोप काय?’ बारावीनंतर मराठी घरात हा प्रश्न जितक्या वेळा विचारला जातो, तितक्या वेळा ‘जेवलास का’ हेही विचारलं जात नसेल. कोर्स निवडताना तो रास्तच आहे. फी भरायची असते, पुढे नोकरी लागायची असते, घरच्यांना काळजी असणारच. पण हा प्रश्न आता छंदांच्याही मागे लागलाय. आणि तो विचारायला काका-मामांची गरज उरलेली नाही, आपण स्वतःच स्वतःला विचारतो. गिटार शिकतोयस? मग चॅनेल काढ. केक छान होतो? ऑर्डर घे. फोटो बरे येतात? पेज सुरू कर. ज्यातून फॉलोअर्स, पैसे किंवा रेझ्युमेवर एखादी ओळ मिळत नाही, तो सगळा टाइमपास.

अशा वातावरणात समजा कुणी म्हणालं, ‘मी हाताने व्हायोलिन बनवायला शिकणारे.’ वाजवायला नाही, बनवायला. घरच्यांची पहिली प्रतिक्रिया येईल, ‘अरे, काही हजारांत ऑनलाइन मिळतं की!’ दुसरी येईल, ‘बनवून विकणार का?’ आणि ‘नाही, नुसतं बनवणार’ असं उत्तर दिलं तर तिसरी प्रतिक्रिया येणारच नाही. घरात शांतता पसरेल.

माझं म्हणणं असं, की ही शांतता सहन करायला शिकलं पाहिजे. कॉलेजच्या वयात प्रत्येकाने एक तरी अशी गोष्ट शिकायला घ्यावी जी पटकन येणार नाही, जिला मार्क नाहीत आणि जी विकायची नाही. ती व्हायोलिनच असावी असा हट्ट नाही. पण व्हायोलिनचं उदाहरण घेतलं की मुद्दा जितका नीट कळतो, तितका दुसऱ्या कशाने कळेल असं वाटत नाही.

सत्तर तुकडे आणि एक ‘आत्मा’

इटलीतलं क्रेमोना हे गाव म्हणजे व्हायोलिनची पंढरी. सोळाव्या शतकात आंद्रेआ अमातीने तिथे व्हायोलिनला जवळपास आजचं रूप दिलं. पुढे अंतोनिओ स्ट्रादिव्हारी तिथलाच. १७३७ साली तो वारला, तोवर त्याने हजाराहून जास्त वाद्यं बनवली असावीत असा अंदाज आहे, आणि त्यातली साडेसहाशेच्या आसपास आज शिल्लक आहेत. क्रेमोनातल्या या कारागिरीला युनेस्कोने २०१२ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तिथे एका व्हायोलिनसाठी लाकडाचे सत्तरहून जास्त तुकडे जोडले जातात आणि एक कारागीर वर्षभरात साधारण तीन ते सहाच वाद्यं करतो. हा पूर्णवेळ काम करणाऱ्या, आयुष्य त्यात घातलेल्या माणसाचा वेग. हौशी माणसाला पहिल्या व्हायोलिनसाठी दोनशे-तीनशे तास लागणं अगदी नेहमीचं. म्हणजे शनिवार-रविवार धरून वर्ष कुठे गेलं कळत नाही.

एवढा वेळ जातो कुठे? वरची पाटी स्प्रूसची, मागची पाटी, कडेच्या पट्ट्या आणि मान मेपलची, आणि बोटं फिरतात ती पट्टी आबनुसाची. वरची पाटी बहुतेक वेळा दोन फळ्या मधोमध जोडून होते. जोडायच्या कडा रंध्याने इतक्या सपाट करायच्या की दोन्ही फळ्या एकमेकींवर उभ्या धरून खिडकीकडे पाहिलं तर मधून उजेडाची रेघसुद्धा दिसता कामा नये. दिसली तर पुन्हा रंधा. नवशिक्याची एक अख्खी दुपार यात जाते, आणि ती गेल्यावर कळतं की रंध्याला धारच नीट नव्हती. मग आधी धार लावायला शिका. व्हायोलिन बनवण्याचे पहिले कित्येक दिवस व्हायोलिनचे नसतातच, ते धार लावण्याचे असतात.

कडेच्या पट्ट्या फक्त एक मिलिमीटरच्या आसपास जाड. त्या ओल्या करून तापलेल्या लोखंडावर हळूहळू वाकवायच्या. घाई केली की काडकन मोडतात. मग पाट्या कोरायच्या. जाड फळीतून गोल पटाशीने बाहेरचा फुगवटा काढायचा, मग उलटी करून आतून पोखरायची. शेवटी हातात अंगठ्याएवढे पितळी रंधे उरतात. वरची पाटी तीन मिलिमीटरच्या जवळपास आणायची, मागची मध्यभागी साडेचार आणि कडेकडे अडीच. मध्येमध्ये पाटी बोटांत धरून टिचकी मारायची, कानाजवळ नेऊन ऐकायची, थोडी वाकवून तिचा ताठपणा अजमावायचा. इथे ‘अनडू’चं बटण नाही. कोरलेलं लाकूड परत चिकटत नाही.

यात माझी आवडती गोष्ट म्हणजे सरस. जनावरांच्या कातड्यापासून बनणारा हा जुना सरस गरम करून लावतात. आजच्या बाजारात त्याच्या कितीतरी पट चिवट गोंद मिळतात, तरी व्हायोलिनवाले सरस सोडत नाहीत. कारण तो गरम पाण्याने आणि पातळ सुरीने उकलता येतो. वरची पाटी तर मुद्दाम बेताच्या सरसाने चिकटवतात, म्हणजे हवामानाने लाकूड आकसलं तर आधी सांधा सुटावा, पाटी फुटू नये. आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात असे सांधे सुटण्याचा अनुभव व्हायोलिनवाल्यांना असतोच. पण सुटलेला सांधा पुन्हा चिकटवता येतो. म्हणजे हे वाद्य बनवतानाच दीडशे वर्षांनी ते उघडणाऱ्या अनोळखी माणसाचा विचार केलेला असतो. आता हातातला मोबाइल बघा. तो उघडता येऊ नये अशाच बेताने चिकटवलेला असतो.

आणि मग तो आत्मा. व्हायोलिनच्या पोटात, घोडीच्या एका पायाच्या थोडी मागे, पेन्सिलीएवढी जाड एक काडी उभी असते. तिला सरस लावत नाहीत, ती दोन पाट्यांच्या दाबावर उभी राहते. ‘f’च्या आकाराच्या भोकातून वाकड्या सळीने ती आत न्यायची आणि उभी करायची. नवशिक्याच्या हातून ती किती वेळा पडते ते विचारू नका. ती किंचित इकडे-तिकडे सरकली तरी आवाज बदलतो. फ्रेंच आणि इटालियन भाषेत या काडीला ‘आत्मा’ असाच शब्द आहे. आपल्या तानपुऱ्याची जवारी ज्यांनी कधी लावून घेतली असेल त्यांना हे लगेच कळेल. केसाएवढा फरक, पण वाद्य बोलतं किंवा मुकं होतं.

किचनमधली प्रयोगशाळा

‘हे सगळं ठीक, पण हे घराणेशाहीचं काम. पिढ्यानपिढ्या करणाऱ्यांचं. आपण कुठे?’ हा पुढचा प्रश्न. त्यासाठी एका बाईंची ओळख करून द्यायला हवी.

कार्लीन हचिन्स. जन्म १९११, अमेरिका. कॉर्नेल विद्यापीठातून जीवशास्त्र शिकल्या आणि न्यूयॉर्कमध्ये शाळेत विज्ञान शिकवू लागल्या. सहकाऱ्यांबरोबर वाजवता यावं म्हणून त्यांनी व्हायोला घेतला. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोडी मोठी, खर्जातली बहीण. विकत घेतलेला स्वस्तातला व्हायोला काही पटेना, तेव्हा त्यांनी ठरवलं की आपणच बनवू. १९४७च्या सुमारास सुरुवात केली आणि पहिला व्हायोला १९४९ मध्ये पुरा झाला. वय पस्तिशीपुढे, घरात लहान मूल, कामाची जागा म्हणजे स्वतःचं घर.

पहिला झाल्यावर त्या थांबल्या नाहीत. पुढे नामांकित कारागिरांकडे रीतसर शिकल्या. हार्वर्डमधून निवृत्त झालेले पदार्थवैज्ञानिक फ्रेडरिक साँडर्स यांच्याबरोबर व्हायोलिनच्या आवाजाचे प्रयोग केले. सुट्या पाटीवर चमकी भुरभुरायची, खालून स्पीकरने सूर द्यायचा आणि चमकीची नक्षी कशी बदलते ते बघायचं. फिजिक्सच्या पुस्तकात क्लाडनीच्या आकृत्या म्हणून जे चित्र असतं, तेच. त्यावरून पाटी कुठे अजून तासायची ते ठरवायचं. १९६२ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये व्हायोलिनच्या फिजिक्सवर त्यांचा लेख आला. पुढच्याच वर्षी त्यांनी काही जणांबरोबर या विषयाची एक संस्था काढली. लहानात लहान ते भल्यामोठ्या अशा आठ वाद्यांचं एक नवं व्हायोलिन-कुटुंब त्यांनी उभं केलं. त्यांच्या एका उभ्या व्हायोलावर यो-यो मा यांनी बार्टोकचा कॉन्चेर्टो रेकॉर्ड केलाय. हचिन्सबाई २००९ मध्ये गेल्या, तोवर त्यांच्या हातून चारशेहून जास्त वाद्यं झाली होती. फिजिक्सची डिग्री त्यांच्याकडे नव्हती आणि घराण्याचं नावही नव्हतं.

त्यांच्याही आधीचा एक नमुना लंडनचा. एडवर्ड हेरॉन-ॲलन. धंद्याने वकील. विशीतच एका नावाजलेल्या व्हायोलिनकाराकडे काम शिकला आणि १८८४ मध्ये व्हायोलिन बनवण्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. ते नंतर अनेकदा छापलं गेलं आणि हौशी लोक अजून वाचतात. हा पठ्ठ्या पुढे फारसी शिकून उमर खय्यामचे अनुवाद करत होता, आणि समुद्रातल्या सूक्ष्मजीवांच्या अभ्यासासाठी १९१९ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ही म्हण त्याला कुणी ऐकवली नाही हे आपलं नशीब.

आता कुणी म्हणेल, बघा, शेवटी दोघांनाही नाव मिळालंच ना! मिळालं. पण नाव मिळावं म्हणून त्यांनी पटाशी हातात घेतली नव्हती. हचिन्सबाईंना फक्त बरा वाजणारा व्हायोला हवा होता. आणि त्यांच्यासारख्या एकीमागे असे कितीतरी शिक्षक, डॉक्टर, इंजिनीअर, निवृत्त माणसं आहेत ज्यांनी दोन-तीन व्हायोलिनं केली, एक नातीला दिलं, एक भिंतीवर टांगलं आणि मजेत राहिली. इंग्लंड-अमेरिकेत अशा लोकांसाठी संध्याकाळचे आणि उन्हाळी वर्ग चालतात. त्यांचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही. त्यांचंही काही बिघडलेलं नाही.

गुपित वगैरे काही नसतं

स्ट्रादिव्हारीच्या व्हायोलिनांचं गुपित काय, यावर आजवर अमाप लिहिलं गेलंय. व्हार्निश, लाकूड, थंड हवामान, काय काय. २०१० मध्ये क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांच्या गटाने अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये एका हॉटेलच्या खोलीत एक प्रयोग केला. २१ वादक, सहा व्हायोलिनं. तीन नवी, तीन जुनी इटालियन, त्यात दोन स्ट्रादिव्हारीची. वादकांच्या डोळ्यांवर काळे गॉगल, आणि जुन्या लाकडाचा वास ओळखू येऊ नये म्हणून हनुवटीच्या आधाराला अत्तर लावलेलं. बहुतेकांनी पसंती दिली नव्याला, आणि सर्वांत नावडतं ठरलं ते एक स्ट्रादिव्हारी. नंतर दहा नामवंत वादकांबरोबर झालेल्या मोठ्या प्रयोगातही नव्या वाद्यांचं पारडं जड राहिलं.

याचा अर्थ स्ट्रादिव्हारी भंकस आहे असा नाही. आजचे उत्तम कारागीर त्याच्याच मापांवर, त्याच्याच आकारावर काम करतात. अर्थ एवढाच, की तो मंत्र नव्हता, काम होतं. मापं, धार, कान आणि भरपूर तास. त्याचे साचे आणि हत्यारं आज क्रेमोनाच्या संग्रहालयात मांडून ठेवलीत, जुन्या वाद्यांची मापं छापील नकाशांवर विकत मिळतात. सगळं उघड आहे. उघड असूनही सोपं नाही, हीच तर मजा. माहिती आणि कसब यांत किती अंतर असतं ते आपल्या पिढीला कळायला हवं, कारण माहितीचा आपल्याकडे महापूर आहे. रात्री दोन वाजता लाकूडकामाचे व्हिडिओ बघत आपण पडलेलो असतो, आणि बघून बघून ‘हे काय, जमेल की’ असं वाटू लागतं. एकदा पटाशी हातात घ्या. लाकडाचे रेषे उलटे असले तर ती कशी अडते आणि ढलपी कशी उडते, हे कुठलाच व्हिडिओ मनगटाला शिकवत नाही.

रंध्याला हात कोण लावणार?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. हा श्रीमंतांचा छंद नाही का? चांगलं लाकूड आणि हत्यारं महाग, वेळ महाग, आणि मुंबईच्या वन-रूम-किचनमध्ये ठोकाठोक केली तर शेजारी सोसायटीत तक्रार करतील. यातलं बरंचसं खरं आहे. ज्याला कॉलेज करून संध्याकाळी डिलिव्हरीचं काम करायचंय, त्याला ‘तीनशे तास लाकूड कोर’ असं सांगणं हा उद्धटपणा होईल.

पण या आक्षेपाच्या आड आपण आणखी एक गोष्ट लपवतो. हाताच्या कामाकडे बघण्याची आपली नजर. आपल्याकडे हाताचं काम जातीला बांधलेलं. ज्यांच्या हाती वही-पेन होतं त्यांनी रंध्याला हात लावला नाही, आणि ज्यांच्या हाती रंधा होता त्यांना वही मिळू दिली नाही. १९३७ मध्ये वर्ध्यात गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षण देणारी नयी तालीम मांडली. तिचं पुढे शाळांत काय उरलं? वेळापत्रकातला कार्यानुभवाचा तास, जो गणिताचे सर हक्काने मागून घ्यायचे.

मिरजेचं उदाहरण घ्या. तिथल्या सतारी आणि तानपुरे देशभर जातात. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी हा व्यवसाय उभा केला. म्हणजे धार लावणारे हात तिथेही आधी आले! २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं. आपण स्टेटस ठेवलं, अभिमान वाटला वगैरे. पण भोपळा कापून, वाळवून, त्यावर लाकूड बसवून तानपुरा कसा होतो, हे बघायला आपल्यातले किती जण मिरजेला गेले? गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार अशा वादकांनी व्हायोलिनला आपल्या रागसंगीतात मानाची जागा मिळवून दिली. गोव्यात चर्चच्या शाळांत व्हायोलिन शिकलेल्या वादकांनी हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा उभे केले. वादकांची नावं आपल्याला ठाऊक असतात. त्यांची वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव सांगता येईल का?

म्हणून हौशी माणसाने हत्यार हातात घेणं मला महत्त्वाचं वाटतं. त्याने कारागिराच्या पोटावर पाय येत नाही, तो विकत कुठे असतो? उलट, तीनशे तास घाम गाळलेला माणूस पुन्हा कधी कारागिराशी ‘एवढे पैसे कशाचे?’ म्हणून घासाघीस करणार नाही. एक पाटी नीट कोरायला काय लागतं ते त्याच्या बोटांना माहीत असतं. आणि सुताराच्या मुलाला या कामातून बाहेर पडायचं असेल तर का, हेही त्याला थोडं समजेल. छंद म्हणून रंधा मारणं आणि पोटासाठी मारणं यातला फरक विसरायचा मात्र नाही.

हौशे, नवशे आणि आपण

जत्रेत हौशे, नवशे आणि गवशे असे तिघे जमतात म्हणे. हल्ली छंदांच्या जत्रेत गवशांचीच गर्दी झालीय, यातून काय मिळेल ते शोधत फिरणाऱ्यांची. ‘हौशी’ म्हटलं की आपल्याला ‘कच्चा’ असंच ऐकू येतं. पण याच महाराष्ट्रात राज्य नाट्यस्पर्धा हौशी कलाकारांच्या जिवावर चालते, आणि बँकेची नोकरी करून रात्री तालमीला धावणाऱ्यांनी इथली रंगभूमी समृद्ध केलीय. हौस म्हणजे कमी दर्जा नव्हे. हौस म्हणजे दुसऱ्या कुणी मागितलेलं नसताना नीट करणं.

छंदातून पैसे आले तर पाप नाही. ज्यांना गरज आहे त्यांनी जरूर कमवावेत. पण ज्या क्षणी आपण विकायला बसतो, त्या क्षणी घाई आत शिरते. जे लवकर होईल, जे दिसायला भारी दिसेल, तेच करावंसं वाटतं. रीलसाठी कोरलेली पाटी आतून तेवढी नीट कोरली जाईल याची खात्री नाही, कारण आतली बाजू कॅमेऱ्याला दिसत नाही. व्हायोलिनला मात्र आतलंच जास्त कळतं. तारा चढवल्या की वीस किलोंहून जास्त ताण त्या तीन मिलिमीटरच्या लाकडावर येतो. तिथे प्रेझेंटेशन चालत नाही, व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकाला पटवून चालत नाही. वाजतं किंवा वाजत नाही. इतका सरळ निकाल आपल्याला कॉलेजात तरी कुठे मिळतो?

आणि सुरुवात करायला लगेच स्प्रूस मागवायची गरज नाही. आधी एक पटाशी घ्या आणि तिला अशी धार लावा की लाकडाचा आडवा छेद लोण्यासारखा निघेल. जुन्या बाजारातलं मोडकं व्हायोलिन मिळालं तर ते उघडून बघा, आतली काडी पुन्हा उभी करून बघा. कोरी घोडी आणून ती वाद्याच्या फुगवट्यावर चपखल बसेपर्यंत तासा. शहरात वाद्यं दुरुस्त करणारं कुणी असेल तर त्यांच्या दुकानात जाऊन विचारा, ‘काका, बसून बघू का?’ बहुतेक जण हो म्हणतील. कुणी कामालाही लावतील. व्हायोलिन नको असेल तर मातीचं भांडं घ्या, पुस्तकाची बांधणी घ्या, आजीची गोधडी घ्या. अट एवढीच, की ती गोष्ट अवघड हवी आणि तिच्यावर किमान वर्षभर किंमत लावायची नाही.

आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नसतं. घरचे ते लग्नाच्या खर्चाच्या वेळी म्हणतात. पुढच्या वेळी त्यांनी ‘याला स्कोप काय?’ विचारलं की त्यांचंच वाक्य त्यांना परत ऐकवा, आणि पटाशीला धार लावायला बसा.